भोपाळची माती आणि चार सळया

२०२५ सालच्या पहिल्याच रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातून बारा कंटेनर बाहेर पडले. आत सुमारे ३३७ टन विषारी कचरा. पुढेमागे पोलिसांच्या गाड्या, रस्ता मोकळा केलेला, आणि मुक्काम अडीचशे किलोमीटरवरचं पीथमपूर. तिथल्या लोकांनी साहजिकच विरोध केला, प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं, मग थोडा थोडा जाळून पाहिला, आणि जून २०२५ संपेपर्यंत सगळा जाळून झाला. वायुगळती झाली ती २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांच्या मधल्या रात्री. म्हणजे डोळ्यांसमोर शेडमध्ये गोळा करून ठेवलेला कचरा हलवायला आपल्याला चाळीस वर्षं लागली. असो.

माझा एक भाचा नोकरीनिमित्त भोपाळला असतो. त्या दिवसांत त्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "सुटलात बाबा एकदाचे." तर म्हणाला, "मावशी, गेला तो वरचा. खालचं कोण बघणार?"

मी इतिहास शिकवला, भूगोल शिकवला. रसायनशास्त्राशी माझा संबंध स्वयंपाकघरापुरता. पण हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग वाचायला लागले. वाचता वाचता एक आकडा समोर आला, आणि त्यानेच हा लेख लिहायला लावला. २०१० साली नागपूरची नीरी आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संस्था यांनी मिळून एक अहवाल दिला होता. त्यात कारखान्याच्या आवारातली आणि आसपासची दूषित माती अंदाजे ११ लाख टन असल्याचं म्हटलं आहे. अकरा लाख! आणि पीथमपूरला गेले ३३७ टन. दहा हजारांतले तीन भाग, एवढाच हिशेब बसतो.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. जमिनीच्या आत काय आहे, किती खोल आहे, कुठे गाडलेलं आहे, हे सगळं न उकरता कळतं कसं? आणि जे कळतं ते किती खरं? याचा इतिहास फार मजेशीर निघाला, आणि शेवटी तितकासा मजेशीर राहिला नाही.

या विद्येचं एक टोक मी स्वतः पाहिलेलं आहे, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. सत्तरच्या दशकात, बहात्तरच्या दुष्काळानंतर, गावोगावी विहिरी आणि बोअरसाठी पाणी शोधायचं काम जोरात सुरू झालं. भूजल सर्वेक्षणाची माणसं जीप घेऊन यायची. माझी नोकरी नवीन होती. आमच्या शाळेमागच्या पडीक रानात त्यांनी चार लोखंडी सळया एका रेषेत ठोकल्या, सळयांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं, तारेची रिळं उलगडली आणि मधोमध एक पेटी ठेवून काटा वाचू लागले. मग सळया उपटायच्या, आणखी लांब ठोकायच्या, पुन्हा वाचायचं. मुलांना वर्गात बसवणं अशक्य झालं होतं. त्याच आठवड्यात गावात पाणाडीही येऊन गेला होता, तळहातावर नारळ घेऊन. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "बाई, त्याचा नारळ उभा राहतो आणि यांचा काटा हलतो. फरक काय?"

फरक आहे, आणि तो समजला की पुढचं सगळं समजतं.

विजेला जमिनीतून जायला त्रास होतो. कुठे जास्त, कुठे कमी. अखंड काळ्या पाषाणातून ती फार कष्टाने जाते. झिजलेल्या, पाणी धरलेल्या मुरमातून बरीच सहज. चिकण काळ्या मातीतून तर सर्रकन. खाऱ्या पाण्यातून त्याहून. या अडवण्याच्या गुणाला शास्त्रात रोधकता म्हणतात (सर्व्हेवाले त्याला सरळ रेझिस्टिव्हिटीच म्हणायचे) आणि ती ओहम-मीटरमध्ये मोजतात. समुद्राच्या पाण्याची रोधकता एका ओहम-मीटरच्याही पाचव्या हिश्श्याएवढी, ओल्या काळ्या कपाशीच्या मातीची दहाच्या खाली, पाणी असलेल्या झिजल्या खडकाची वीस-चाळीस, आणि घट्ट पाषाणाची काही शे किंवा हजारसुद्धा. बाहेरच्या दोन सळयांतून वीज जमिनीत सोडायची आणि आतल्या दोन सळयांमध्ये दाब किती पडला ते मोजायचं. चार सळया कशाला, दोन का नाही? कारण सळई आणि माती यांच्या सांध्यातच इतका अडथळा असतो की दोन सळयांनी मोजलं तर आपण जमीन न मोजता तो सांधाच मोजतो. मापाची जोडी वेगळी ठेवली की ही भानगड राहत नाही. आणि सळयांमधलं अंतर वाढवलं की वीज खोलवरून फेरी मारून येते. सारख्या अंतरावर चार सळया असतील तर ढोबळमानाने त्या अंतराच्या निम्म्या खोलीपर्यंतचा हालहवाल कळतो. म्हणून त्या सळया उपटून लांब लांब ठोकत होते.

नारळ कोणाच्या हातात उभा राहील ते सांगता येत नाही. हा काटा मात्र कोणीही वाचला तरी तोच आकडा दाखवतो. त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हा पुढचा प्रश्न. आणि खरी गोम तिथेच आहे.

आता थोडं मागे जाऊ. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या आणि कथलाच्या जुन्या खाणी. तिथे रॉबर्ट वेअर फॉक्स नावाच्या माणसाने १८३० साली लिहिलं की खाणीतल्या धातूच्या शिरांमध्ये आपोआपच विजेचे क्षीण प्रवाह असतात. जमिनीच्या पोटातल्या विजेची ही पहिली पद्धतशीर नोंद. पण त्यात वीज जमिनीची स्वतःची होती. वीज आपण सोडायची आणि जमिनीला बोलतं करायचं, ही कल्पना पक्की केली ती कॉनराड श्लुम्बर्जे यांनी.

हे मूळचे आल्सासचे. पॅरिसच्या खाणकाम महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. (मास्तर होते म्हणून मला ते जास्त आवडले, हे उघड आहे.) आधी त्यांनी कॉलेजच्या तळघरात वाळू भरलेल्या टबात प्रयोग केले, आणि १९१२च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीतल्या व्हाल-रिशे या घरच्या इस्टेटीवर सळया ठोकून, वीज सोडून, सारख्या दाबाच्या रेषांचा नकाशा काढला. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात समोच्च रेषा असतात ना, तशाच दिसतात त्या. खाली सगळं एकसारखं असेल तर रेषा नीटस येतात, काही वेगळं दडलेलं असेल तर त्या वाकतात. वाकलेली रेषा बघायची आणि खाली काय आहे त्याचा तर्क करायचा. पुढे पहिलं महायुद्ध झालं, काम थांबलं. युद्धानंतर वडिलांनी पैसा दिला, धाकटे भाऊ मार्सेल सोबत आले. ५ सप्टेंबर १९२७ रोजी आल्सासमधल्याच पेशेलब्रॉनच्या तेलविहिरीत त्यांच्या लोकांनी हीच युक्ती उभी वापरली, विहिरीत उपकरण सोडून. तिथून तेलाचं जग बदललं. आज श्लुम्बर्जे हे नाव तेलाच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, ते या टबातून निघालेलं.

अमेरिकेत त्याच सुमारास, १९१५ साली, तिथल्या सरकारी मानक कार्यालयातल्या फ्रँक वेनर यांनी चार सळया सारख्या अंतरावर ठेवण्याची रीत मांडली. तीच रीत आजही वेनरची रचना म्हणून ओळखली जाते. १९४२ साली शेल कंपनीच्या गस आर्ची यांनी दगडाच्या छिद्रांतलं पाणी आणि त्या दगडाची रोधकता यांचं गणित बसवलं. खडकातून वीज वाहते ती बहुतेक वेळा दगडातून नसतेच, त्याच्या छिद्रांतल्या पाण्यातून असते. पाणी जितकं खारट, तितकी वीज सुखाने वाहते. हे वाक्य लक्षात ठेवा, भोपाळला कामाला येणार आहे.

म्हणजे पहिली पन्नासेक वर्षं ही विद्या धन शोधत होती. धातू, तेल, पाणी. आपणच खाली काय लपवलं आहे हे तिला विचारायला माणसाला वेळ लागला. १९६८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात कार्टराइट आणि मॅकोमस या दोघांनी कचऱ्याच्या भरावांच्या आसपास विजेने मोजणी करून दाखवली. शहराचा कचरा खड्ड्यात पुरतात, त्यातून पाऊस झिरपला की काळपट रस खाली उतरतो. तो रस क्षारांनी भरलेला, म्हणून वीज त्यातून सहज जाते. भरावाच्या खालच्या अंगाला रोधकता उतरलेली दिसली की रस कुठपर्यंत पोचला ते कळतं. साल पुन्हा वाचा, १९६८. भोपाळचा कारखाना १९६९ साली सुरू झाला.

मग आलं लव्ह कॅनॉलचं प्रकरण. मी शिक्षिका असल्यामुळे ते वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगरा फॉल्स गावात एक अर्धवट खणलेला कालवा होता. एका रासायनिक कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रसायनं पुरली, वर माती टाकली आणि ती जागा एक डॉलरला शाळा मंडळाला दिली. तिथे शाळा बांधली! आसपास घरं झाली. सत्तरच्या दशकात भरपूर पाऊसपाणी झालं आणि लोकांच्या तळघरांतून ते सगळं वर येऊ लागलं. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली, आणि १९८० साली तिथे पुरलेल्या विषाच्या साफसफाईचा कायदा झाला. त्यानंतर एकदम शेकडो जागांची तपासणी करायची वेळ आली, आणि न उकरता बघण्याच्या विद्येला भाव आला.

न उकरता का बघायचं? मलाही आधी वाटलं होतं की पन्नास ठिकाणी बोअर मारा की झालं. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे खाली पिंपं असतील तर बोअरचं पातं नेमकं पिंपातच जायचं. दुसरी जास्त वाईट. वर विष, मध्ये चिकणमातीचा जाड थर आणि त्याखाली पाणी, अशी रचना असेल तर तो थर त्या पाण्याचं रक्षण करत असतो. तुम्ही त्याला भोक पाडलंत की विषाला आयती वाट मिळाली. शिवाय दोन बोअरच्या मध्ये काय आहे ते कळत नाही ते नाहीच.

या सगळ्यात चित्र कुठून आलं, तर दवाखान्यातून. सत्तरच्या दशकात सीटी स्कॅन आला. बाहेरून अनेक दिशांनी मोजायचं आणि आतलं चित्र गणिताने उभं करायचं. १९७८ साली विजेच्या रोधावरून माणसाच्या छातीचं चित्र काढायचा प्रयत्न अमेरिकेत झाला, आणि त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या लोकांनी तेच जमिनीसाठी करायचं ठरवलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच डेली आणि रामिरेझ यांनी दोन बोअरच्या मधून पाणी कसं उतरतं त्याची चित्रं काढली. आता चार सळया पुरेनात. एका केबलला पंचवीस-पन्नास सळया एकदम जोडायच्या आणि यंत्राने स्वतःच त्यातल्या चार चार निवडून शेकडो मापं घ्यायची. त्या मापांवरून खालचं चित्र काढणं हे भलतंच किचकट गणित. ते साध्या संगणकावर बसेल असं केलं मलेशियातल्या पेनांगचे एम. एच. लोके यांनी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला बार्कर यांच्याबरोबर केलेलं त्यांचं काम १९९६ साली छापून आलं, आणि तेव्हापासून जगभरचे सर्व्हेवाले त्यांच्या प्रोग्रामवर चित्रं काढतात.

ही चित्रं दिसतात फार सुंदर. निळ्या, हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्या. आपल्यासारख्या माणसाला वाटतं, लाल तिथे धोका. तसं नाही बरं का! बहुतेक चित्रांत निळा म्हणजे वीज सहज जाते ती जागा आणि लाल म्हणजे अडते ती. लाल डाग हा निव्वळ चांगला, घट्ट, निरुपद्रवी दगड असू शकतो, आणि निळा पट्टा म्हणजे खारट विष. रंग संगणक भरतो, जमीन नाही.

अमेरिकेच्या वायव्येला हॅनफर्ड म्हणून जागा आहे. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी प्लुटोनियम तिथे तयार केलं. त्यातून उरलेलं किरणोत्सारी पाणी जमिनीत पुरलेल्या १७७ टाक्यांत भरून ठेवलं, आणि त्यातल्या कितीतरी टाक्या गळतात असा संशय आहे. जवळून कोलंबिया नदी वाहते. तिथे ही विद्युत चित्रं फार उपयोगी पडली, कारण ते सांडपाणी नायट्रेटसारख्या क्षारांनी गच्च भरलेलं. क्षार म्हणजे वीज पळणार, चित्रात गळती उठून दिसणार. तिथेही अडचण आहेच. टाक्या लोखंडी, जागोजाग लोखंडी नळ, आणि वीज आधी त्यांच्यातून पळते. पण निदान विष असं होतं की ते विजेला दिसतं.

भोपाळचं विष कसं होतं?

कारखान्यात सेव्हिन नावाचं कीटकनाशक होत असे. १९६९ पासून १९८४ पर्यंत आवारातच ठिकठिकाणी कचरा टाकला, पुरला. डायक्लोरोबेंझिनसारखी द्रावणं, डांबरासारखे चिकट अवशेष, नॅफ्थॉल, पारा. १९७७ पासून कारखान्याच्या उत्तरेला सांडपाणी उन्हात आटवायचे तलाव होते, तळाशी प्लास्टिकचा कागद अंथरलेले. ते तलाव गळतात, हे १९८२ साली भोपाळहून अमेरिकेतल्या मूळ कंपनीला तारेने कळवलं गेलं होतं. हे कागद पुढे तिथल्या खटल्यात बाहेर आले. १९८९ साली कंपनीने आतल्या आत केलेल्या तपासणीत तिथल्या माती-पाण्याच्या नमुन्यांत सोडलेले मासे मेले, हेही तसंच नंतर कळलं. १९९८ मध्ये जमीन राज्य सरकारकडे परत आली. १९९९ मध्ये ग्रीनपीसने तिथे पारा आणि क्लोरीनयुक्त द्रावणं सापडल्याचं प्रसिद्ध केलं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवा असं सांगितलं. तोवर तिथल्या बाया हातपंपाचं तेच पाणी भरत होत्या. वायूतून वाचलेल्यांना खालून दुसरं येत होतं.

आणि या सगळ्यात नीरीचं नाव पुन्हा पुन्हा येतं. नीरी आम्हा विदर्भातल्या लोकांना आपली वाटते. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून नागपुरात सुरू झाली, १९७४ पासून नीरी. म्हणून तिच्या १९९७च्या अहवालात, आवारातली माती दूषित आहे पण आसपासचं भूजल पिण्याच्या निकषांत बसतं, असा निष्कर्ष वाचला तेव्हा वाईट वाटलं. आपल्या माणसाकडून जास्त अपेक्षा असते, दुसरं काय.

तर २०१०चा अहवाल. हैदराबादच्या संस्थेने जमिनीखालची रचना आणि पुरलेल्या कचऱ्याच्या जागा शोधण्यासाठी ही विद्युत चित्रं काढली, बोअर घेतले. नीरीने माती आणि पाणी रासायनिकदृष्ट्या तपासलं. वर काळी गाळमिश्रित चिकणमाती, तिच्याखाली पिवळी, आणि मग खाली खडक आणि पाणी, असं तिथलं अंतरंग निघालं. चिकणमातीतून पाणी अतिशय हळू उतरतं. म्हणून अहवालाचं म्हणणं असं की विष बरंचसं वरच्या मातीत अडकून आहे, भूजल एकंदरीत ठीक आहे, काही मोजक्या विहिरींत कीटकनाशकं आहेत ती पृष्ठभागावरून वाहून आलेली असावीत. त्याच्या आदल्याच वर्षी, २००९ साली, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने कारखान्यापासून तीन किलोमीटर अंतरावरच्या पाण्यातही ती रसायनं सापडल्याचं सांगितलं होतं. पुढच्या वर्षांत बाधित वस्त्यांची यादी वाढत वाढत ४२वर गेली.

मग खरं कोणाचं?

इथे मी माझ्या विषयाकडे येते. इतिहासात एका कागदावर निकाल देत नाहीत. वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले ते याचसाठी, की बखरीतल्या गोष्टीला पत्राचा आधार लागतो, पत्राला दुसऱ्या पत्राचा. विद्युत चित्र हा असाच एक कागद. अस्सल आहे, खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलं तेवढंच तो सांगतो. चित्र सांगतं की इथे वीज सहज जाते. का जाते ते सांगत नाही. चिकणमाती आहे म्हणून? खारं पाणी आहे म्हणून? दोघांची रोधकता सारखीच कमी. भोपाळला वर सगळी चिकणमातीच, म्हणजे चित्र आधीच निळं. त्या निळ्यावर क्षाराचा निळा डाग ओळखणं म्हणजे काळ्या पाटीवर कोळशाने लिहिलेलं वाचणं.

त्याहून पुढची गोष्ट. क्लोरीनयुक्त द्रावणं आणि डांबरी अवशेष विजेला वाहूच देत नाहीत. पण ती पाण्यात लाखात, कोटीत एखादा भाग अशी मिसळली, तर पाण्याची रोधकता जवळजवळ जशीच्या तशी राहते. विहिरीचं पाणी पिण्याला पूर्ण नालायक आणि काटा मात्र जागचा हलत नाही, असं होऊ शकतं. भर म्हणून जमिनीतले जंतू तेलकट कचरा खाऊ लागले की त्यातून आम्लं आणि क्षार तयार होतात, आणि जी जागा आधी वीज अडवत होती तीच काही वर्षांनी वाहू देऊ लागते. एकाच विषाचं चित्र तरुणपणी लाल आणि म्हातारपणी निळं!

म्हणून या चित्रांचं भोपाळमधलं काम कोणतं होतं, हे नीट समजून घ्यायला हवं. उकरून पुन्हा भरलेली माती आणि मूळची माती यांत फरक दिसतो, त्यावरून खड्डे कुठे आहेत ते कळतं. चिकणमातीचा थर किती जाड आहे, कुठे पातळ होतो, खडक किती खोल, हे कळतं. म्हणजे नमुने कुठे घ्यायचे ते कळतं. अमुक वस्तीतलं पाणी प्यावं की नाही, हे त्या चित्रातून कधीच कळणार नव्हतं. ते बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेतच कळतं. अहवालातल्या भूजल ठीक असल्याच्या निष्कर्षामागे चिकणमातीच्या थराचा भरवसा मोठा दिसतो, आणि मला स्वतःला तो भरवसा जास्तच वाटतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा विदर्भातल्या कोणालाही विचारा, हात आत जातो. आणि ज्या वस्तीत घरोघर हातपंप आणि बोअर आहेत, तिथे प्रत्येक बोअर हे त्या थराला पाडलेलं भोकच आहे. थर चांगला असेल, पण त्याची चाळण झाली असेल तर?

तलावांच्या बाबतीत मात्र ही विद्या जास्त उपयोगी आहे असं मला वाचून वाटतं. तिथलं सांडपाणी क्षारांचं. शिवाय तळाचं प्लास्टिक विजेला अडवतं. ते धड असेल तर तलावातली वीज बाहेर जात नाही, भोक असेल तर नेमकी त्या भोकातूनच जाते. प्लास्टिकच्या अस्तराची गळती अशी विजेने शोधायची रीत जगात ऐंशीच्या दशकापासून वापरात आहे. तलाव गळतात हे कंपनीला १९८२ मध्ये माहीत होतं. चार सळया १९१५ पासून होत्या, कचऱ्याच्या भरावाभोवती त्या ठोकून बघणं १९६८ पासून होतं, आणि आमच्या शाळेमागच्या रानात सत्तरच्या दशकात भारत सरकारने नव्हे, राज्याच्या भूजलवाल्यांनीसुद्धा ते सहज केलं होतं. भोपाळच्या मातीत विजेने डोकावायला गळतीनंतर पंचवीस वर्षं गेली, त्याला यंत्र नव्हतं हे कारण नक्की नाही. माती बघितली की ती साफ कोणी करायची हा प्रश्न लगेच उठतो. युनियन कार्बाइड २००१ मध्ये डाऊ कंपनीने घेतली आणि डाऊ म्हणते ही जबाबदारी आमची नाही. जमीन राज्याची, दावा केंद्राचा. जादा भरपाईसाठीची केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. प्रत्येकाच्या दृष्टीने न बघणंच सोयीचं होतं.

आणखी एक. हॅनफर्डसारख्या ठिकाणी सळया जमिनीत कायमच्या ठेवून पुन्हा पुन्हा मोजतात. एका चित्रातून जे कळत नाही ते दोन चित्रांच्या फरकातून कळतं. चिकणमाती जागची हलत नाही, तिचा निळा दोन्ही चित्रांत तसाच राहतो. जे सरकलं, पसरलं, ते पाणी आणि त्यातलं काहीतरी. भोपाळचं २०१०चं चित्र २०१०चंच आहे. त्यानंतर त्या मातीवर पंधरा पावसाळे होऊन गेले. त्याच रेषांवर, त्याच अंतरांनी, एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर पुन्हा सळया ठोकल्या आणि जोडीला वस्त्यांतल्या बोअरचं पाणी तपासलं, तर अकरा लाख टनांचं काय चाललं आहे ते कळेल. कंटेनरना लागला तेवढा पोलीस बंदोबस्तही लागणार नाही. मोजणाऱ्यांची एक जीप आणि मिठाच्या पाण्याची बादली पुरते.